वीतभर उंचीचा सोफा

"उचला. आधी मला उचला, मग काय ते बोला."

हे ओरडत होते अण्णा, म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ, आणि ओरडत होते ते बेंगळूरच्या बनशंकरीतल्या आमच्या हॉलमध्ये, जमिनीपासून वीतभर उंचीवरून. आमच्या नव्या सोफ्यावर ते बसले होते. बसले कसले, गेले होते. खाली जाताना मध्ये कुठेतरी सोफा भेटेल या भरवशावर माणूस अंग सोडून देतो, तसं त्यांनी सोडलं, आणि सोफा काही भेटेना. मी समोरच उभा होतो म्हणून छातीठोकपणे सांगतो, त्या प्रवासात अण्णांच्या चेहऱ्यावर आधी विश्वास होता, मग शंका आली, आणि शेवटी कुलदैवत आलं. धप्प झालं तेव्हा खालच्या मजल्यावरच्या बाईंनी गॅस बंद केला. भूकंपात आधी गॅस बंद करावा, असं त्यांना कुणीतरी सांगून ठेवलंय.

अण्णांचा देह हा चामराजपेटेतला एक मान्यवर देह आहे. सारं आयुष्य उदबत्तीच्या दुकानात गादीवर बसून त्यांनी तो कमावला. ऑटोवाला त्यांना पाहिल्यावर आधी टायरकडे बघतो, मग आभाळाकडे, आणि मग "स्वल्प मागे सरका, सार" म्हणतो. मागे सरकायला मागे काही उरलेलंच नसतं. असा माणूस वीतभर उंचीच्या सोफ्यात रुतला की त्याचे गुडघे कानाला लागतात. अण्णांचे लागले होते. दोन गुडघ्यांच्या मधून त्यांचा चेहरा, डोंगराआडून सूर्य उगवावा तसा, लालबुंद दिसत होता.

मी हात दिला. त्यांनी धरला आणि ओढला. परिणामी मी त्यांच्या मांडीवर. बायकोने वॉचमनला हाक मारली. तो बिचारा आला, त्याने परिस्थितीचा अंदाज घेतला आणि "लिफ्टवाल्याला फोन करू का" असं विचारलं. अखेर आम्ही दोघांनी अण्णांना कुशीवर वळवलं, तिथून ते जमिनीवर उतरले (उतरले म्हणजे वीतभर), रांगत बाथरूमच्या दारापर्यंत गेले आणि कडीला धरून उभे राहिले. ती कडी तेव्हापासून वाकडी आहे. ज्यांना खोटं वाटत असेल त्यांनी येऊन बघावी.

"दाजी," धाप लागलेले अण्णा मला म्हणाले, "हे फर्निचर आहे का उंदराचा पिंजरा?"

मी बायकोकडे बोट दाखवलं. बायको शांतपणे म्हणाली, "मिनिमल आहे, अण्णा."

आता हे मिनिमल आमच्या घरात कसं शिरलं, ते सांगायला हवं. मी मूळचा साताऱ्याकडचा. नोकरी इथल्या एका सरकारी कारखान्यात, विमानांचे सुटे भाग तपासायची. राहणं कारखान्याच्या क्वार्टरमध्ये. क्वार्टरमध्ये माणसाचं वय वाढतं त्याच्या तिप्पट वेगाने सामान वाढतं. आमच्याकडे एक वेळ अशी होती की पाहुणा आला की आधी एक खुर्ची बाहेर व्हरांड्यात न्यायची, मग पाहुण्याला आत घ्यायचं. एकदा आमचं मांजर कपाटामागे गेलं ते थेट दुसऱ्या वर्षी बाहेर आलं, आणि तेही दोन पिल्लांना घेऊन. इतक्या त्या सामानाची धूळ पुसली ती बायकोने. मी फक्त "हे असू दे, लागतं कधीतरी" एवढं म्हणायचं काम केलं, पण ते मनापासून केलं.

निवृत्तीनंतर बनशंकरीत फ्लॅट घेतला आणि एके दिवशी सकाळी, चहाचा पहिला घोट माझ्या घशाखाली उतरायच्या आत, बायको म्हणाली, "या घरात यातलं काहीही येणार नाही."

मी हसलो. मी अशा गोष्टींना हसतो, ही माझी सवय. पुढच्या आठवड्यात सोफासेट कुणाच्या भाच्याकडे गेला, शोकेस शाळेच्या मास्तरांकडे, चार पायांचं टीपॉय ज्याला तीनच पाय होते ते इस्त्रीवाल्याकडे. माझी आरामखुर्ची जाताना मी तिच्यात बसलेलो होतो. हमालांनी मला विचारलं, "आपण पण जायचंय का?" नव्या घरात आम्ही राहायला आलो तेव्हा शेजारच्या बाईंनी आत डोकावून सहानुभूतीने विचारलं, "खाली माडतिद्दीरा?" म्हणजे, घर सोडून चाललात का. आदल्याच दिवशी आम्ही आत आलो होतो.

बायकोने फोनवर कुठले कुठले व्हिडिओ पाहिले होते. पांढऱ्या भिंती, मध्ये एक बाक, बाकावर एक लिंबू. त्यातून तिने एक शब्द उचलला आणि त्या एका शब्दावर सगळा संसार चालवायला घेतला. माझा टीव्ही कुठाय? मिनिमल. दोनच कप का? मिनिमल. आज भाजी एकच? मिनिमल आहे, मुकाट्याने जेवा.

मग तिने सुतार बोलावला. राजस्थानी होता, हिंदी बोलायचा. त्याने खिशातून टेप काढला तर बायको म्हणाली, "भैया, वो टेप रहने दो." आणि तिने स्वतःचा हात भिंतीला लावून वीत दाखवली. एवढा सोफा. सुताराने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. ज्या माणसाने उभी हयात मायक्रॉनमध्ये मोजली, केसाचा चाळिसावा हिस्सा जास्त दिसला तर अख्खा पार्ट परत पाठवला, त्याच्या घरात त्याच्यादेखत फर्निचर विती-वितीने मोजलं जात होतं. मी हळूच म्हटलं, "अगं, सोफ्याला निदान दोन विती तरी..."

"दोन विती टीपॉयला," ती म्हणाली.

असं करत पाच वस्तू झाल्या. वीतभर उंचीचा सोफा, ज्याची ख्याती आपण पाहिलीच. दोन विती उंचीचं टीपॉय, पण लांबीला सहा फूट. त्याच्या या टोकाला चहा ठेवला आणि त्या टोकाला बिस्किटं, तर बिस्किट घेऊन परत येईपर्यंत चहावर साय धरते. तीन विती उंचीचा बाक. यावर बसलं की पाय जमिनीला लागत नाहीत, मोठमोठे लोक शाळेतल्या पोरांसारखे पाय हलवत बसतात. मी कारखान्यातल्या माझ्या एका जुन्या साहेबांना त्यावर बसवलं होतं. ज्यांच्या बुटांचा आवाज आला की अख्खं डिपार्टमेंट उभं राहायचं, ते साहेब पाय हलवत हलवत मला म्हणाले, "मजा येते हो." चौथं जेवणाचं टेबल. ते मात्र बरोबर होतं. चार विती म्हणजे टेबल, हे जगात कुठेही खरं आहे. आणि पाचवं दाराजवळचं उंच, कंबरेच्याही वरचं, चिंचोळं टेबल. त्यावर काय ठेवायचं? घराची किल्ली. एका किल्लीसाठी सहा फूट सागवान.

पाचही वस्तू लांबीला सारख्या. वरून सपाट, कडेला नक्षी नाही, पाठ नाही, हात नाहीत. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटायचं, सुताराकडे एकाच मापाच्या फळ्या शिल्लक होत्या आणि आम्ही भिडेखातर घेतल्या. मला तर तेच वाटत होतं. झोपायला गाद्या, त्या दिवसा भिंतीतल्या कपाटात. खुर्ची एकही नाही.

तर अण्णा आले होते ते या घराची पाहणी करायला, आणि पाहणीचं कारण साधं नव्हतं. ज्यांना बेंगळूरचा दसरा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. इथे नवरात्रात घरोघरी पायऱ्या मांडून त्यांवर बाहुल्या बसवतात. त्यांना कन्नडात गोंबे म्हणतात. सगळ्यात वर लाकडी राजा-राणी, खाली त्यांचा दरबार, त्याखाली लग्नाची वरात, बाजारपेठ, वाण्याचं दुकान, जे असेल ते. बायकोचं घराणं तीन-चारशे वर्षांमागे महाराष्ट्रातून इकडे आलं. त्यांनी मराठी टिकवली, पुरणपोळी टिकवली आणि हे गोंबे आपलेसे केले. चामराजपेटेच्या घरी बाहुल्यांचे चार पेटारे आहेत. त्यात वाजंत्रीवाले आहेत, हत्ती आहेत, पोस्टमन आहे, आणि एक आख्खी क्रिकेट टीम आहे जिचा विकेटकीपर हरवल्यामुळे त्या जागी गणपती उभा करतात. म्हणून ती टीम कधी हरत नाही.

यंदा अण्णा ते घर सोडून मुलाजवळ दोन खोल्यांच्या फ्लॅटवर राहायला जाणार होते. पेटारे तिथे मावणार नव्हते. प्रश्न होता, राजा-राणी कुणाकडे जाणार? एक दावेदार मल्लेश्वरममधली चुलत बहीण. तिच्या घरात तीन सोफासेट, दोन डायनिंग टेबलं, आणि शोकेस ठेवायला एक शोकेस. दुसरी माझी बायको. तिच्या घरात काय होतं ते आपण पाहिलं.

बायकोने मला आयुष्यात फारसं काही मागितलं नाही. मागितलं तर मी ऐकू आलं नाही असं करायचो, हेही कारण असेल. पण हे मात्र तिने सांगून ठेवलं होतं. लहानपणापासून त्या बाहुल्या मऊ फडक्याने पुसायचं काम तिचं, आणि लग्न होऊन बाहेर पडली ती रिकाम्या हाताने, कारण त्यांच्याकडे गोंबे मुलाच्या घरी राहायचे. "मला एकदा," ती म्हणाली होती, "राजा-राणी माझ्या घरात बसलेले बघायचेत. बाकी सगळं झालं माझं."

आणि यात एक मेख होती. गोंब्यांच्या तयार पायऱ्या बाजारात मिळतात, लोखंडाच्या, घडीच्या. या घराण्यात त्या चालत नाहीत. सासूबाईंचा दंडक होता, पायऱ्या घरातल्या सामानाच्याच रचायच्या. उसनं सामान नाही, भाड्याचं नाही. जे घर राजा-राणीसाठी नऊ दिवस आपलं सामान मोकळं करून देत नाही, त्या घरात ते बसत नाहीत. चामराजपेटेत तळाला उदबत्तीची खोकी, मग ट्रंका, मग शिवणयंत्र, मग आडवं केलेलं कपाट, वरून पांढरं धोतर, अशी रचना असायची. एकही पायरी दुसरीशी बोलत नसे. कुठे उंची जास्त, कुठे उतार. राजा दर वर्षी राणीकडे कललेला असायचा आणि येणाऱ्या बायका म्हणायच्या, काय बाई प्रेम. ते प्रेम नव्हतं, खाली शिवणयंत्राचं चाक होतं. एका वर्षी तो प्रेमाच्या भरात खालीच आला आणि त्याचं नाक गेलं. मेणाचं बसवलं, पण दरबारात आता पूर्वीसारखा वचक राहिला नाही.

तर बाथरूमच्या कडीला धरून उभे राहिलेले अण्णा घरभर नजर फिरवून म्हणाले, "तंगी, तुझं मन मला ठाऊक आहे." तंगी म्हणजे कन्नडात धाकटी बहीण. आमच्या घराकडे बघून कुणी हा शब्द मराठीत वापरला असता तरी खपला असता. "पण ज्या घरात मला बसता येत नाही, तिथं राजा-राणी कुठं बसणार गं? तुझ्याकडं सामान कुठंय पायऱ्या करायला? मल्लेश्वरमला देऊन टाकतो."

"घटस्थापनेला टेम्पो आधी इथं आण," बायको म्हणाली. "पायऱ्या दिसल्या तर पेटारे वर. नाही दिसल्या तर तसाच पुढं मल्लेश्वरमला ने."

"कशाच्या करणार तू पायऱ्या? हवेच्या?"

"तू टेम्पो तर आण."

"सरी," म्हणजे 'बरं', अण्णा म्हणाले आणि भिंत धरधरून जिना उतरले. लिफ्ट होती, पण त्या दिवशी आमच्या घरातल्या आणि घराजवळच्या कुठल्याच वस्तूवर त्यांचा विश्वास उरला नव्हता.

इकडे माझा जीव खालीवर. बायकोचा एकुलता एक हट्ट आणि तो आमच्या रिकाम्या हॉलमुळे बुडणार. मी कामाला लागलो. पहिली युक्ती, सोफ्याला पाय लावायचे. अण्णा नीट बसले, नीट उठले, की निम्मं मत इकडे वळेल. बायको देवळात गेलेली पाहून मी सुताराला बोलावलं. त्याने करवत काढली, लाकडाचे चार ठोकळे काढले, आणि तेवढ्यात बायको परत आली.  सोफ्यावर मांडी घालून बसली आणि हाताची घडी घातली. सुतार अर्धा तास उभा. मी त्याला चहा केला. तिने त्याला बसल्याबसल्याच विचारलं, "भैया, बीकानेर में गर्मी कैसी है?" बीकानेरची गर्मी, तिथली शेती, त्याच्या तिन्ही मुलींची लग्नं, सगळं ऐकून झालं, पण ती काही उठली नाही. तो ठोकळे पिशवीत घालून गेला.

"अगं पण का?" मी विचारलं.

"मिनिमल आहे."

दुसरी युक्ती. शेजाऱ्यांकडून चार टेबलं, दोन ट्रंका आणायच्या, धोतर टाकायचं, अण्णांना काय कळतंय कुणाच्या आहेत? हे मी तिला मोठ्या उत्साहाने सांगितलं.

"अण्णाला नाही कळणार," ती म्हणाली. "राजा-राणीला कळेल."

तिसरी युक्ती मी तिला न विचारताच केली. अण्णांचा फोन आला, तयारी कुठवर, तर मी सांगून टाकलं की म्हैसूरहून कारागीर आलेत, राजवाड्याच्या कामावरचे. शिसवी पायऱ्या कोरतायत, प्रत्येक पायरीला हत्तीचं तोंड. पुढच्या फोनपर्यंत हत्तींना सोंडा आल्या. त्याच्या पुढच्या फोनला मी एका सोंडेतून पाणी येतं असंही म्हणालो असेन. आपण एकदा रंगात आलो की हत्तीला आवरणं कठीण. अण्णा पलीकडून नुसते "हौदा, हौदा" म्हणत होते. हौदा म्हणजे कन्नडात 'असं होय'. विश्वास बसला की नाही, ते या शब्दातून कधीही कळत नाही.

आणि बायको? ती जुनी धोतरं इस्त्री करत होती. रोज एक. माझ्या डोळ्यांसमोर सगळं बुडत होतं आणि ती धोतराच्या किनारीची सुरकुती काढत होती. मी मनात म्हटलं, झालं, हिने आशा सोडली.

घटस्थापनेच्या सकाळी टेम्पो आला. अण्णा वर आले, इंजिन खाली चालूच ठेवून. आता दारात उभे राहून हॉलकडे बघतायत. हॉल जसाच्या तसा. सोफा इथे, टीपॉय तिथे, बाक खिडकीखाली, जेवणाचं टेबल स्वयंपाकघराच्या तोंडाशी, दाराजवळ किल्लीचं टेबल. रांगोळी काढलेली पूर्वेची भिंत तेवढी रिकामी.

"हत्ती कुठायत?" अण्णांनी मला विचारलं.

मी म्हटलं, "पाणी प्यायला गेलेत."

अण्णा हसले नाहीत. बायकोकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "मग निघू मी? इंजिन तापतंय."

"एवढी घाई असेल तर हात लाव," बायको म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "अहो, सोफ्याची गादी काढा."

मी काढली. खाली उरली ती सहा फुटांची सपाट चौकट, वीतभर उंच.

"आता ते दाराजवळचं टेबल भिंतीला लावा. अगदी चिकटवून."

मी आणि अण्णांनी उचललं, लावलं. किल्ली मी तोंडात धरली होती, ठेवायला दुसरी जागाच नव्हती. "आता त्याच्यापुढं जेवणाचं टेबल." लावलं. "आता बाक." बाक लावला आणि माझे हात तिथेच थांबले. किल्ली तोंडातून पडली. अण्णांचंही तोंड उघडंच होतं, त्यात काही नव्हतं तरी. टीपॉय सरकवलं. सोफ्याची चौकट सर्वांत पुढे आली. पाच वस्तू भिंतीपासून पुढे एकेक वीत खाली उतरत आल्या. कडेला कड, टोकाला टोक. वर जाणारा एक रुंद, सरळ जिना आमच्या हॉलमध्ये उभा होता. इतके दिवस मी याच पायऱ्यांवर जेवलो होतो, चहा प्यालो होतो, पाय हलवले होते, आणि त्यांना नावं ठेवली होती.

बायको आतून धोतरं घेऊन आली. एक झटकून तिने वरच्या पायरीवर पसरलं. ते असं बसलं की जणू त्या टेबलाच्याच मापाने विणलं होतं.

मी आतून माझा स्पिरिट लेव्हल आणला. निवृत्तीच्या वेळी सहकाऱ्यांनी दिलेला, नक्षीदार डबीतला. पाचही पायऱ्यांवर ठेवून पाहिला. बुडबुडा मधोमध जाऊन असा बसला, जणू त्यालाही राहायला जागा मिळाली. कारखान्यात असा पार्ट माझ्यापुढे आला असता तर मी त्याला सॅल्यूट ठोकून पुढे पाठवला असता.

अण्णा मात्र अण्णा. त्यांनी आपला पंजा पसरून खालच्या पायरीला लावला. त्यांची वीत पायरीच्या वर गेली. दुसरीला लावला, तिथेही जमेना. "माप कुणाचं घेतलंस गं हे? वितीत बसत नाही."

बायको पुढे झाली. तिने आपला हात पायरीला लावला. अंगठा खाली, करंगळी वरच्या कडेला, बरोबर. दुसरीला, तिसरीला, तशीच वर गेली. "आईची वीत आहे," ती म्हणाली. "तिचा-माझा पंजा एक. ती दर वर्षी ट्रंक-खोकी अशीच मोजायची, आठवतं? एकदाही जमलं नाही तिचं."

 अण्णांनी खांद्यावरच्या पंच्याने कपाळ पुसलं. मग डोळे. मग पुन्हा कपाळ, म्हणजे डोळे पुसलेले दिसू नयेत. मला एवढंच म्हणाले, "दाजी, खाली सांगा, इंजिन बंद कर म्हणावं."

मी पायऱ्यांवरून (इमारतीच्या) असा खाली धावलो की वॉचमनला वाटलं परत कुणीतरी सोफ्यात बसलं.

मग दिवसभर पेटारे उघडत होते. वाजंत्रीवाले बाहेर आले, हत्ती आले. अण्णांनी एकेक हत्ती माझ्यासमोर धरून "याच्यातून पाणी येतं का हो?" असं विचारून घेतलं. पोस्टमन आला, क्रिकेट टीम आली, गणपती विकेटमागे उभा राहिला. शेजारच्या बाई येऊन बघून गेल्या. घर सोडून चाललेल्या माणसांकडे एवढं सामान कुठून आलं, हे त्यांना कळेना. शेवटी बायकोने मऊ फडक्यात गुंडाळलेले राजा-राणी काढले आणि स्वतःच्या हाताने सर्वांत वर ठेवले. मेणाच्या नाकाचा राजा आयुष्यात पहिल्यांदा सरळ उभा राहिला. राणीच्या अंगावर रेलायला काही कारणच उरलं नाही. जरा भांडण झाल्यासारखी दिसत होती दोघं, पण रुबाबदार.

बायको मागे सरकत सरकत खिडकीपर्यंत गेली आणि तिथून बघत राहिली. मी काहीतरी चुरचुरीत बोलणार होतो. नाही बोललो. माझ्या आयुष्यात असं तीनदा-चारदाच झालं असेल.

तिन्हीसांजेला समया लावल्या. बायकोने तबकात निरांजन ठेवलं. सकाळपासून उभ्याउभ्याने पेटारे उपसून अण्णांच्या पायांचे खांब झाले होते. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. सोफ्यावर क्रिकेट टीम खेळत होती. टीपॉयवर बाजार भरला होता. बाकावर वरात चालली होती, जेवणाच्या टेबलावर दरबार, आणि सगळ्यांच्या वर राजा-राणी. हॉलमध्ये टेकायला पाटसुद्धा उरला नव्हता. नऊ दिवस हे असंच राहणार होतं. अण्णांनी ज्या सोफ्याला महिनाभर शिव्या दिल्या होत्या, त्याच्याकडे त्यांनी इतक्या मायेने पाहिलं की विकेटकीपर गणपतीसुद्धा जरा सरकला असता.

"तंगी," ते म्हणाले, "सगळं खरं. राजा बसला, राणी बसली, वाणी बसला, पोस्टमन बसला. पण मी बसू कुठं?"

बायकोने निरांजनाची वात सारखी केली.

"आरतीला बसत नाहीत, अण्णा."